ओसाच्या किनाऱ्यावरचा देशी बदाम

टप्पकन् काहीतरी खांद्यावर आदळलं. हिरवं, ओलं, अर्धवट कुरतडलेलं. उचलून पाहिलं तर देशी बदाम! आमच्या दापोलीच्या शाळेमागे होता ना, ज्याची फळं दगडाने ठेचून आतली एवढीशी गिरी काढण्यात आमची अख्खी मधली सुट्टी जायची, तोच. आणि मी उभी होते कोस्टारिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओसा द्वीपकल्पात, घरापासून अर्धी पृथ्वी ओलांडून.

मान वर केली आणि तशीच राहिले. झाडभर मकाव! लाल म्हणजे किती लाल असावं? नव्या कुंकवाच्या करंड्यासारखं. पंखांवर हळदीचा पट्टा, त्याखाली मोरपंखी निळा, आणि चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ दोन हात लांबी. आपला पोपट याच्या कुशीत मावेल. एक पक्षी डाव्या पंजात बदाम धरून बसलाय. चोचीचा एक दाब, कट्! जे आम्हाला दगडानेही धड जमत नसे, ते हा सुपारी कातरावी तसं करतोय. गिरी खातो, टरफल खाली टाकतो. सगळ्या झाडाखाली त्या टरफलांचा सडा. मग कुणीतरी कर्कश ओरडतं आणि जोड्या-जोड्यांनी सगळे समुद्रावर झेपावतात. दोन-दोन, दोन-दोन. एकटा जवळजवळ कुणीच नाही. मकावांची जोडी जन्माची असते, असं वाटाड्याने सांगितलं.

त्या झाडाला इथे ‘अल्मेंद्रो दे प्लाया’ म्हणतात, किनाऱ्यावरचा बदाम. ते मुळात इथलं नव्हेच. ते आपल्या बाजूचं, आशियाच्या किनाऱ्यांवरचं. माणसांनी ते इकडे आणलं, ते वाळूत रुजलं, आणि या लाल पाखरांनी त्याला आपलं मानलं. मला उगीचच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

ओसाला आम्ही होडीने आलो होतो, सिएर्पे नदीतून. दोन्ही काठांना कांदळवन. कांदळवन मला नवं नाही, आमच्या खाडीत मी त्याच्या चिखलात गुडघाभर रुतलेली आहे. पण आमचा कांदळ माणसाहून दोन हात उंच, आणि इथला? तीन-चार मजली! कमानीसारखी मुळं पाण्यात उतरलेली, त्यांच्या खालून होडी गेली तर देवळाच्या मंडपातून गेल्यासारखं वाटावं. वास मात्र तोच, ओहोटीच्या चिखलाचा, खारट, थोडा कुजका. डोळे मिटले की दाभोळची खाडी. उघडले की एका मुळावर मगर.

इथलं कोर्कोवादोचं राष्ट्रीय उद्यान 1975 साली झालं. सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या चौपट, आणि तेही थेट लाटांपर्यंत आलेलं. पहिल्या पहाटे, काळोखातच, मी दचकून उठले. कुणी डोंगरच घुसळतंय की काय! घुमणारी, पोटातून आलेली डरकाळी, एकीला दुसरीने उत्तर. वाघ? वाघ नव्हे, हाउलर माकड. आपल्या वानराएवढंसुद्धा नाही, आणि आवाज कोसभर जाणारा. आपल्याकडे गावदेवीच्या पालखीपुढे ढोल सुरू झाला की छातीत जे होतं, अगदी ते झालं.

आणि पाऊस! कोकणातली मी, पावसाचं कौतुक मला कुणी सांगू नये असं वाटायचं. पण इथला पाऊस आधी ऐकू येतो. दूर उंच पानांवर सरसर सुरू होते, ती तुमच्याकडे चालत येते, डोक्यावर पोचते, आणि तरीही तुम्ही कोरडेच! पांढऱ्या सावरीची झाडं पन्नास मीटर उंच, त्यांच्या बुंध्याच्या पाखांआड आमच्या घरची पडवी मावेल. तिथून थेंब खाली यायला वेळ लागतो. मग येतो तो मात्र आंबोलीच्या तोलाचा.

पायाखाली मुंग्यांची वाट. वाटच, झाडून काढलेली, वीतभर रुंद. प्रत्येकीच्या डोक्यावर पानाचा हिरवा तुकडा. भातलावणीला बायका रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन बांधावरून जातात तशा या चालल्या होत्या. पानं त्या खात नाहीत. वारुळात नेऊन त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. म्हणजे शेतकरणीच की!

त्याच वाटेने पुढे, ओढ्याच्या चिखलात, तापीर. हत्तीच्या पिलासारखी इवली सोंड, रेडकाचं अंग, गेंड्या-घोड्यांच्या कुळातला. मध्य अमेरिकेतलं जमिनीवरचं सर्वांत मोठं जनावर, आणि म्हशीसारखं डोळे अर्धे मिटून लोळतंय. आम्ही श्वास रोखून उभे. त्याने सोंड हलवली, आमचा वास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

मुक्कामाच्या घरी परतल्यावर, हो, त्या चार दिवसांत ते घरच झालं होतं, ताटात गाय्यो पिंतो. रात्रीचा उरलेला भात आणि काळ्या घेवड्याचे दाणे, कांदा-कोथिंबीर घालून सकाळी परतलेले. फोडणीचा भातच! घरधनीण नातवाला वाढताना ‘उस्तेद’ म्हणत होती, म्हणजे ‘अहो, तुम्ही’. चार वर्षांच्या पोराला! मग कुत्र्याला हाकललं, तेही ‘अहो’ म्हणूनच. मी थक्क. आम्ही विठोबालासुद्धा अरे-तुरे करणारी माणसं.

तिच्या परसात फिरले आणि बोलतीच बंद झाली. कुंपणाला गिरिपुष्प, कोपऱ्यात काजू, दाराशी देवचाफा, पायाशी लाजाळू. मला वाटत होतं हे सगळं कोकणचं! तर गिरिपुष्प आणि देवचाफा मूळचे याच भागातले, काजू-लाजाळूही अमेरिकेतलेच. आजी पहाटे परडीत वेचायची तो चाफा या मातीतून आलेला, आणि आमचा बदाम इथे मकाव पोसतोय.

शेवटच्या संध्याकाळी वाटाड्याने विचारलं, “तुमच्याकडे बदाम कोण खातं?”

“वटवाघळं,” मी म्हणाले. “रात्री येतात. सकाळी अंगणात चोथा पडलेला असतो.”

वटवाघळं त्याला ठाऊक होती, पण चिमणीएवढी. मी दोन्ही हात पसरून आपल्या वटवाघळाचे पंख दाखवले, चार फूट. दिवसा झाडाला शेकड्यांनी उलटी लटकतात, म्हणून सांगितलं. तापिराच्या शेजारी वाढलेला तो माणूस. त्याने माझ्या एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत नजर फिरवली, डोळे विस्फारले, आणि स्वतःचेही हात पसरून विचारलं, “एवढं?”