माकणीच्या चुलीवर डब्लिनचा पाव

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की नळदुर्गचा किल्ला लागतो. तेथून मुख्य रस्ता सोडून लोहाऱ्याच्या अंगाने आत शिरायचे, म्हणजे काळ्याभोर रानांमधून एस.टी. माकणीला पोचते. तेरणा नदीवर येथे निम्न तेरणा धरण आहे. कागदोपत्री नाव हे, लोक मात्र माकणीचे धरण असेच म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही उभयता गेलो तेव्हा धरणाला पाणी चांगले होते आणि रानात शाळूची पेरणी उरकत आली होती.

आमच्या थोरल्या आत्याबाई येथे राहतात. त्यांची नात नर्सिंगचे शिक्षण घेऊन आयर्लंडला, डब्लिन शहरात नोकरीला गेली. तीन वर्षे झाली, गावी येणे झालेले नाही. तिने फोनवर सांगितले, 'आजी, ३१ ऑक्टोबरला इथं मनुकांचा पाव खातात. तू पण कर, म्हंजे एकाच दिवशी दोघींनी एकच खाल्लं असं होईल.' आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात पाव भाजलेला नाही. पण नातीचा शब्द! लगेच आम्हाला निरोप आला, 'सामान घिऊन या, आन सूनबाईला संगं आणा.'

आता आयर्लंड कुठे आणि माकणी कुठे, असे वाचक म्हणतील. पण या मुलखाचा त्या देशाशी संबंध जुना आहे. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ पासून काही वर्षे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. हिंदुस्थान सोडल्यावर तो डब्लिनजवळ जाऊन राहिला. त्याच्या घरी हा पाव होत असेलच.

पावाचे नाव बार्मब्रॅक. 'ब्रॅक' म्हणजे त्यांच्या भाषेत ठिपकेदार. मनुकांचे ठिपके दिसतात म्हणून. पूर्वी तो यीस्टने फुगवीत. घरोघरी करतात तो सोपा प्रकार बेकिंग पावडरचा असतो आणि त्यात मनुका चहात भिजवतात. बेदाणे आणि काळ्या मनुका मिळून तीनशे ग्रॅम घ्याव्यात. पाव लिटर कडक कोरा चहा गाळून त्यात दीडशे ग्रॅम गूळ विरघळवावा, त्यात मनुका टाकून रात्रभर झाकून ठेवाव्यात. (तिकडे तांबडी साखर घालतात, आम्हाला गूळच आवडला.) सकाळी मनुका टम्म फुगतात. मग एक अंडे फेटून घालावे, अडीचशे ग्रॅम मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, थोडी दालचिनी व जायफळ मिसळून तो मैदा हलक्या हाताने कालवावा. पीठ मळायचे नाही. आत्याबाईंनी ज्वारीचे पीठ घालू का म्हणून विचारले. ज्वारीत गव्हासारखी चिकटी नसते. भाकरी होते ती गरम पाण्याने आणि थापणाऱ्या हाताने. पाव त्याने फुगायचा नाही.

भट्टीचा प्रश्न होता, तो आत्याबाईंनीच सोडवला. आयर्लंडच्या खेड्यांतही पूर्वी घरात भट्टी नसे. जाड लोखंडी भांड्यात पाव ठेवून झाकणावर जळत्या शेणीसारखे दलदलीतल्या मातीचे निखारे रचीत. हे सांगताच आत्याबाई म्हणाल्या, 'मग त्येच्यात नवं काय हाय?' जाड बुडाचे पातेले चुलीवर चढले, तळाला वाळू, त्यावर तूप लावलेला डबा, वर परात आणि परातीत निखारे. मंद आचेवर दीड तास लागला. मध्ये शेजारणी डोकावून गेल्या, 'काय करूलालाव म्हणं?'

ही चूल अंगणात आहे. पहिली चूल माळवदाच्या घरात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि छतावरची मणावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर आत्याबाई छताखाली फार वेळ रांधत नाहीत.

आच सांभाळताना गोष्ट निघाली दुष्काळाची. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने व साथीने मेली, तितकीच देश सोडून गेली. सरकारने अमेरिकेतून पिवळा मका आणला, तो लोकांना पचेना. आत्याबाई हसल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना त्यांनी अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आहे. 'तिची भाकर करायची म्हंजे हाताला शिक्षाच.'

या पावात वस्तू लपवण्याची रीत आहे. अंगठी ज्याच्या वाट्याला येईल त्याचे लग्न, नाणे येईल त्याला पैसा, चिंधी आली तर गरिबी, काडी आली तर संसार दुःखाचा. असल्या भविष्याला आम्ही कवडीची किंमत देत नाही, पण खेळ म्हणून सांगितले. आत्याबाईंचा हात थांबला. 'चिंधी कशाला? दुसऱ्याच्या घासात गरिबी घालायची, ह्यो कसला खेळ?' अंगठीही नको म्हणाल्या. नातीच्या लग्नाचे तिचे ती बघेल. शेवटी दोन रुपयांचे एक नाणे उकळत्या पाण्यातून काढून, जाड कागदात गुंडाळून आत सारले. लहान मुलांना पाव देताना आधी सांगावे.

पावात विणायची सुई घातली, ती कोरडी निघाली. गरम असताना कापला तर चुरा होतो, म्हणून संध्याकाळपर्यंत आत्याबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मग लोणी लावून काप वाटले आणि फोन लावला. नात ड्युटीवर होती. तिने तासाभराने उलट फोन केला, तिच्या हातातही काप होता. दोघी बराच वेळ फक्त चावत होत्या.

नाणे शेजारच्या पोराला मिळाले. त्याने लगेच दुकान गाठले. उरलेला पाव फडक्यात बांधून आम्हाला दिला. हा पाव दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो, तेव्हा आदल्या दिवशीच करावा.