वाफशाची वाट

घाटावरच्या आमच्या चिखली-मेहकर भागात जूनचा पहिला पंधरवडा येईपर्यंत सगळी तयारी झालेली असते. वखरणी संपलेली, खताची पोती ओसरीवर रचलेली, तिफण किंवा ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र तेलपाणी करून दारात उभं. आणि अशा वेळी करायचं काम एकच उरतं, ते म्हणजे न पेरणं. शेतीतलं सगळ्यात अवघड काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. नांगरटीला बळ लागतं, डवरणीला सरळ हात लागतो, फवारणीला सावधपणा लागतो. सगळं हाताशी असताना थांबायला जे लागतं, ते मात्र दरवर्षी नव्यानं गोळा करावं लागतं.

सोयाबीनचं बी फार नाजूक. त्याची साल पातळ असते, पोतं उंचावरून आदळलं तरी उगवण कमी होते. पहिल्या वीस-पंचवीस मिलिमीटर पावसानं वरची चार बोटं माती भिजते, खाली मात्र उन्हाळा तसाच कोंडलेला असतो. त्या ओलीवर पेरलं तर बी पाणी पिऊन फुगतं, मोड काढतं, आणि मग आठ-दहा दिवस पावसानं ओढ दिली की मोडासकट वाळून जातं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं परत, खत परत, मजुरी परत, आणि हंगामातले गेलेले दिवस काही केल्या परत नाहीत. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो.

पण पाऊस पुरेसा पडला तरी लगेच तिफण घालता येत नाही. चिखलात पेरलं तर माती सरत्यांना चिकटते, बी एकाच जागी पडतं, दबलेल्या मातीत सडतं. एक-दोन दिवस उघाड मिळून वाफसा यावा लागतो. तो कळायला यंत्र लागत नाही. कुदळीनं वीतभर उकरायचं, तळची मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. जमिनीवर पडताच भुगा झाला तर रान तयार. तळहाताला चिकटून राहिला तर घरी जायचं.

शेजारच्या वावरातला पोरगा मागच्या काही वर्षांपासून स्वतः शेती बघतो. पहिला पाऊस झाला की तो धुऱ्यावर येऊन उभा राहतो.

“काका, पाऊस तं झाला. टाकू का पेरून?”

“कुदळ मारून पाह्यली का?”

“वरतून तं गच्च ओलं दिसून राह्यलं.”

“वरतून नको पाहू बापा. खालची माती काढ.”

तो उकरतो, मी वाकून बघतो, आणि बहुतेक वेळा दोघंही माघारी फिरतो. चार घरांनी पेरलेलं दिसत असताना माघारी फिरणं त्याला जड जातं, हे मला त्याच्या चालीवरून कळतं. मलाही जड जातंच. रस्त्यावरून यंत्रांचा आवाज येत राहतो, आणि दुसऱ्याचं रान पेरलेलं दिसलं की आपलं उघडं रान डोळ्यांत खुपतं.

या दिवसांतली चिडचिड मला एका गोष्टीनं कमी करता आली. वाट पाहणं आणि नुसतं बसून राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरच्या बियाण्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात उघडून कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाण्याचं प्रमाण नेहमीचं, त्याखाली गेले तर एकरी बी वाढवायचं. मग घराच्या खांबाजवळचं पर्जन्यमापक. त्यातलं पाणी रोज सकाळी वाचून वहीत लिहायचं. गावातल्या बोलण्यात पाऊस नेहमी मोठा असतो, वहीत तो जेवढ्यास तेवढा उतरतो. शिवाय उताराच्या टोकाला चर काढणं, जिवाणू खताची पाकिटं आणून ठेवणं, पाळीला लागणारे डवऱ्याचे फास पाजवणं. आभाळाकडे बघायला वेळच राहत नाही, आणि ते फार बरं असतं.

२०२३ साली मात्र ही सगळी कामं उरकली तरी पाऊस आला नाही. मोसमी पाऊस ११ जूनला कोकणात पोहोचला आणि तिथंच अडला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळानं त्याची चाल बिघडवली होती. विदर्भात तो यायला २३ जून उजाडला. ज्यांनी धीर धरला त्यांची पेरणी साधली. पुढं जुलैत घाटाखाली संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पुरानं रानं खरवडून नेली, आणि त्यानंतरचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना आभाळ कोरडं. जूनमध्ये अचूक थांबलेल्या माणसाचंही पीक ऑगस्टनं ओढून नेलं. म्हणून थांबलं की फळ मिळतं असं मी त्या पोराला कधी सांगत नाही. थांबल्यानं एवढंच होतं की आपल्या हातानं होणारं नुकसान टळतं. कोरडवाहू शेतीत तेवढंही पुष्कळ आहे.

आमच्या जिल्ह्यात वाट पाहण्याचा एक सार्वजनिक सोहळाच आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून ही रीत चालत आली, असं सांगतात. गोलाकार घटात धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, पापड, कुरडई, भजी. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणते दाणे जागचे हलले आणि कोणते नाही हे बघून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. लांबलांबचे शेतकरी ते ऐकायला येतात. मी माझी पेरणी त्या भाकितावर ठरवत नाही, ती कुदळीवरच ठरते. पण मांडणी झाल्यावर रात्रभर त्या वावरात कुणी पाऊल टाकत नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. वर्षभराच्या पोटापाण्याचा प्रश्न समोर मांडलेला, आणि उत्तर बघायची घाई कुणालाही करता येत नाही. हा नेम एवढी माणसं एकत्र पाळतात, तेव्हा एकट्यानं धुऱ्यावर थांबणं थोडं हलकं होतं.

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर विजेची वाट. लाइन कधी दिवसाची, कधी रात्रीची. थंडीत मोटारीजवळ शेकोटी करून बसायचं. याची सवय झाली, पण सवय झाली म्हणून मी तिला चांगली म्हणणार नाही.

कारण मातीसाठी थांबणं वेगळं आणि माणसांनी थांबवणं वेगळं. हा फरक मला २०१७ च्या तुरीनं शिकवला. त्या वर्षी तूर भरघोस पिकली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव चार हजारांच्याही खाली उतरला होता. सगळा माल सरकारी केंद्रांकडे धावला. जागा भरलेली, बारदाना संपलेला, काटा बंद. एप्रिलच्या उन्हात गाड्यांच्या रांगा, गाडीखाली झोपलेली माणसं. २२ एप्रिलला खरेदी थांबली, आणि रांगेत राहिलेल्यांची तूर घेण्याचा निर्णय नंतर झाला. त्या रांगेत मीही होतो. सहा महिने वावरात उभ्या राहणाऱ्या पिकाची वाट मी शांतपणे पाहिली होती. काट्यावरची वाट मला शांतपणे पाहता येईना, आणि ती तशी पाहायला हवी होती असं मला आजही वाटत नाही. शेतकऱ्याला धीराची सवय असते हे हेरून त्याला आणखी उभं करणं हा अन्यायच आहे.

तरी रांगेत राग गिळूनही भागत नाही आणि ओकूनही भागत नाही, त्याचं काहीतरी करावं लागतं. आम्ही एक वही घेतली. आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ, गाव लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग पाळीपाळीनं माणसं घरी जाऊन गुरांना चारापाणी करून येऊ लागली, मधे घुसण्यावरून होणारी भांडणं थांबली. पाऊस लिहायच्या वहीचीच ही सवय.

सोयाबीनच्या वेळी आता आम्ही घरीच तयारी करून निघतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की माल परत येतो, म्हणून आधी ताडपत्रीवर पसरून वाळवायचा, चाळणी मारायची, बाजारातल्या मीटरवर एकदा तपासून घ्यायचा. नोंदणीला गावातले सगळे मिळून जातो. मापाची तारीख मागतो, आणि ती मिळेपर्यंत पोती हलवत नाही. ज्याच्या घरात जागा नाही त्याची पोती जागा असलेल्यानं ठेवून घ्यायची, असं ठरलं आहे. माझ्या पडवीत दोन घरांची असतात. तोवर हरभऱ्याच्या रानाला वखर लावायचा असतो, ते काम कुणाच्या तारखेसाठी अडत नाही.