भीमाकाठची जोडगाडी

२०२४ सालच्या मे महिन्यात मी आणि माझे वडील साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून भीमा नदीच्या उगमापासून ती कृष्णेला मिळते तिथपर्यंत जाऊन आलो. वडिलांचे वय त्र्याऐंशी. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. या वयात आणि असल्या उन्हात हे काय खूळ, असे कोणीही म्हणेल. आमची आईही तेच म्हणाली, फक्त तिचे शब्द इथे छापण्यासारखे नाहीत.

खूळ आण्णांचेच होते. आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. काठावर म्हणजे वर सरकलेले. मूळ गाव पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या आधीच पाणी चढू लागले होते. बैलगाडीत भांडीकुंडी, कणग्या आणि एक आजारी शेळी घालून आम्ही माळावर आलो तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. नदीकाठची नऊ एकर काळी गेली, वरची सहा एकर मुरमाड तेवढी राहिली. पुढे शेजाऱ्यांनी फुगवट्यात मोटारी टाकल्या, पाइपलाइनी ओढल्या, ऊस आणि केळी केली, बंगले बांधले. आण्णांनी मात्र त्या पाण्याला आजवर हात लावला नाही. विहिरीवर मालदांडी ज्वारी, थोडा कांदा आणि चार शेळ्या. मी शेतकीची पदवी घेऊन कृषी खात्यात लागलो, गावोगाव पाणी कसे वापरावे हे सांगत फिरलो. घरचे रान मात्र कोरडेच. यावरून आम्हा बापलेकांचे दोनदा चांगलेच वाजले. एकदा तर चार महिने अबोला होता.

आणि एके दिवशी संक्रांतीच्या सुमारास जेवताना म्हणाले, "हे पानी कुठनं येतं आन् कुठं जातं, ते येकदा बघायचंय मला."

आता न्यायचे कसे? गुडघे गेलेले, म्हणून एसटीची पायरी चढवत नाही. बंद मोटारीत बसले की दहा मैलांत उलटी. मोटारसायकलवर मागे बसायचे तर पाय फाकत नाहीत. तेव्हा साइडकार आठवली. पूर्वी तालुक्याच्या गावी स्कूटरला साइडकार जोडून सगळे कुटुंब बाजाराला येई. आता ती दिसेनाशी झाली आहे. एका बेकरीवाल्याकडे पाव पोचवायची जुनी साइडकार पडून होती. ती माझ्या बुलेटला जोडून घेतली, परिवहन कार्यालयात रीतसर नोंद केली. आत गादी टाकली तरी ऊन तापले की पावाचा वास येई, तो शेवटपर्यंत गेला नाही.

ज्यांना असली गाडी जोडायची असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते. तीन चाके झाली म्हणजे गाडी सोपी झाली असे वाटते, पण ती दुचाकीसारखी चालत नाही आणि चारचाकीसारखीही नाही. वेग दिला की साइडकार मागे राहते, गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की साइडकार पुढे धावू बघते, गाडी उजवीकडे वळते. डाव्या वळणावर रिकामी साइडकार चक्क उचलते; म्हणून आण्णा आत नसतील तेव्हा गव्हाचे पोते ठेवावे लागे. उलटा गिअर नसतो, तेव्हा गल्लीत शिरण्याआधी बाहेर कसे पडायचे याचा विचार करावा. पहिल्या दिवशी मी घामाघूम झालो. आण्णांनी मात्र दोन मैलांत ओळखले. म्हणाले, "आरं, डावा बैल अडेल हाय. निघताना वडतो आन् थांबताना म्होरं जातो. त्येला आधी कासरा दाव, मग वळीव." त्या दिवसापासून मी वळणाआधी वेग कमी करून मग हँडल फिरवू लागलो आणि गाडी वळणीला आली.

पहाटे चारला निघायचे, दहाला सावली धरायची, पाचनंतर पुन्हा दोन तास चालायचे असा नेम ठेवला. वेग चाळीसच्या वर नाही. वाटेत पोरे 'शोले, शोले' म्हणून ओरडत मागे धावत. १९७५चा सिनेमा या पोरांना कसा ठाऊक, कोण जाणे. आण्णांनी विचारले, "त्यातला मरतो कोन?" मी म्हणालो, साइडकारमधला की गाडीवरचा ते आता आठवत नाही. ते त्यांना पटलेले दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी भीमाशंकर गाठले. देवळाकडे पायऱ्या उतराव्या लागतात, त्या आण्णांना झेपण्यासारख्या नव्हत्या. त्यांनी वरूनच हात जोडले. मी खाली जाऊन कुंडातले पाणी बाटलीत भरून आणले. ८६१ किलोमीटर जाणारी नदी, पण तिचा उगम मे महिन्यात ओंजळीएवढा. झाडीत शेकरू दिसले, आपल्या राज्याचा प्राणी. आण्णांना त्याच्यापेक्षा त्या डोंगरात पावसाळ्यात किती ओततो याचे जास्त कुतूहल होते. चहावाल्याला त्यांनी त्याबद्दलच विचारून भंडावले. ते पाणी मी जपून ठेवणार होतो, पण तिसऱ्या दिवशी राजगुरुनगरच्या पुढे बघतो तो बाटली रिकामी. "पानी हाय, प्यायचंच असतं," म्हणाले.

तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. संभाजी महाराजांच्या समाधीपाशी आण्णा बराच वेळ बसले. तिथून खाली रांजणगाव सांडसला मुळामुठा येते आणि येताना पुण्याचे सांडपाणी घेऊन येते. संगमाच्या वर आणि खाली पाण्याचा रंग बघा, कोणत्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेचा दाखला लागणार नाही. जलपर्णी माजलेली, नाकाला रुमाल. आण्णा म्हणाले, "आपन ह्ये पितो व्हय?" आपण पीत नाही, आपल्या घरी विहीर आहे, असे मी म्हणालो. मग गप्प बसलो.

सिद्धटेकला गणपतीचे दर्शन घेऊन उत्तर काठानेच करमाळा तालुक्यात शिरलो. घर दोन कोसांवर असताना आण्णांनी बजावले, "घराकडं वळू नगं. तुझी आई परत सोडायची न्हाई." तेव्हा चोरासारखे बाहेरून फुगवट्याकडे उतरलो.

त्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले होते आणि ते बघायला लोक लोटले होते. आमच्या गावाला देखणे देऊळ नव्हते, त्यामुळे तिकडे कोणी आले नव्हते. पाणी मागे हटेल तशा लोकांनी मोटारी आणि पाइप पुढे ओढत नेले होते, त्यांच्या ट्रॅक्टरची वाट पडली होती. त्या वाटेने गाडी खाली घातली. तडकलेला गाळ, शिंपल्यांचा खच, सुकलेल्या माशांचा वास. आणि मग आण्णांनी उजवा हात बाहेर काढला.

"हितनं डावीकडं. हां. आता सरळ. दबकून चालीव, हितं वेस हुती."

मला नुसता गाळ दिसत होता. ते मात्र गल्लीतून चालले होते. मारुतीचा पार त्यांनी नेमका दाखवला. चार घडीव दगड खरेच होते. पुढे विहिरीचे कडे. मग "थांब" म्हणाले. मी इंजिन बंद केले. "हा आपला गोठा." साइडकारमधून वाकून त्यांनी एक ढेकूळ उचलले, चुरगाळले, हुंगले. "गाळ हाय. आपली माती खाली आसंल, दीड-दोन हात."

मी काही बोललो नाही. सेहेचाळीस वर्षे हा माणूस इकडे पाठ करून बसला होता.

नऊ एकरांच्या जागेत कोणीतरी गाळपेर करून चाऱ्याचा मका लावला होता. एक पोरगा दारे धरत होता. आण्णांनी विचारले, रान कुणाचे? तो म्हणाला, "कुणाचं न्हाई आजोबा. पाणी उतरलं की पेरंल त्याचं." मला वाटले आता भडकतील. ते मक्याकडे बघत होते. पोंगे खाल्लेले, आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. लष्करी अळी. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सायेब हाईस न्हवं? सांग की त्येला."

तेव्हा मी त्या पोराला आमच्याच बुडालेल्या रानात उभे राहून सांगितले, की जनावरांचा चारा आहे तर विषारी औषध मारू नको. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी थेट पोंग्यात जाईल असा फवार. अंडीपुंज दिसले की पाने खुडून नष्ट कर. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत आण्णांनी माझा सल्ला कोणाला द्यायला सांगितल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. पोराने एक पेंडी मका गाडीत टाकायला दिला. आण्णांनी घेतला नाही.

पंढरपूरला चंद्रभागेत पाणी जेमतेम घोट्याएवढे होते. आण्णांच्या पंचवीस वाऱ्या झालेल्या, त्यांनी लांबून कळस बघितला आणि पुढे चल म्हणाले. सोलापूरच्या खाली हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर कोरलेला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. हे वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. आण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. मान वर करून बराच वेळ अक्षरे लावायचा प्रयत्न केला, मग म्हणाले, "एक 'व' सापडला."

मग कर्नाटक. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर दर्शन, एक मुक्काम. पुढे कलबुर्गीचा तुरीचा मुलूख. काळी रानं उन्हाने भेगाळून पडली होती. यादगीरच्या अलीकडे नदीकाठच्या एका गावात चिंचेखाली थांबलो, तेव्हा आण्णांच्याच वयाचे एक शेतकरी येऊन बसले. त्यांना मोडकी मराठी येत होती, आण्णांना बैलबाजारापुरती कानडी. कुठले म्हणून विचारले. उजनीचे म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली, उजनीतून पाणी सुटले आणि भीमेला पूर आला, त्यात त्यांची उभी तूर गेली होती. "पाहिजे तेव्हा तुम्ही एक थेंब सोडत नाही. नको तेव्हा सगळे आमच्या अंगावर," असे ते म्हणाले. मी धरणाच्या नियमांबद्दल काही सांगू लागलो. आण्णांनी मला हाताने थांबवले आणि म्हणाले, "आमचं रान बी त्यातच हाय." पुढे ते दोघे काय बोलले ते मला सगळे कळले नाही. बैलांच्या किमतींवरही बोलले असावेत. निघताना त्या गृहस्थांनी शेरभर तूर बांधून दिली, ती आण्णांनी घेतली.

रायचूरच्या उत्तरेला, कर्नाटक-तेलंगणाच्या शिवेवर भीमा कृष्णेला मिळते. खडक, वाळू आणि मध्ये डबकी, एवढेच. इकडे भीमा, तिकडे कृष्णा हे सुद्धा मेंढरे चारणाऱ्या बाईला विचारावे लागले. आण्णा दहा मिनिटे बघत राहिले. "बरं," म्हणाले.

परतताना सोलापूरवरून मोहोळ, तिथून टेंभुर्णीच्या बाजूला आलो. वाटेत उजनीचा कालवा लागला. आण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन भरावावर चढले. कालवा ठणठणीत कोरडा होता, तळाशी दोन पोरे क्रिकेट खेळत होती.

"ह्येच्यासाठी गेली व्हय जमीन?"

मी इतकी वर्षे जे त्यांना सांगायचे टाळले होते, ते सांगितले. उजनीत काठोकाठ ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी कालव्याच्या तोंडाखाली असते. धरण भरल्यावर पाच-सहा मीटर पाणी उतरले की कालव्यात आपोआप जाणे बंद. आपले जुने गाव त्याच्याही खाली आहे, म्हणून तर ते साठा उण्यात गेल्यावर दिसते. तेव्हा आपल्या नऊ एकरांवर उभे असलेले पाणी या कालव्यात कधी आलेच नसणार. ते नदीतून खाली सोडतात, सोलापूर शहराला प्यायला जाते.

"त्या पान्याला काय म्हनतात तुमच्यात?"

"मृतसाठा."

त्यांनी तो शब्द एकदा हळूच म्हणून बघितला. मग भरावावरून उतरले, साइडकारमध्ये बसले आणि तुरीची पुरचुंडी मांडीवर घेतली.

"सोलापुरात पितात म्हंतोस," थोड्या वेळाने म्हणाले. "मग पुन्याची घान आडवा म्हनावं आधी. तुझ्या खात्यात कुनाला लिवायचं ते बघ. आन् चल आता, शेळ्यांचं काय झालंय कोन जाने."

मी किक मारली. डावा बैल ओढू लागला.