जाळीपुढचा माणूस

न झालेल्या गोलाची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. गोल करणाऱ्याभोवती मिठ्या पडतात, टोप्या उडतात. गोल अडवणारा पुढच्या पकची, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीची, वाट पाहत तिथेच उभा असतो. पहिल्या पिढीतल्या व्यावसायिक आइस हॉकीपटूंबद्दल वाचताना माझं मन म्हणूनच धावणाऱ्यांपाशी थांबत नाही. ते जॉर्ज वेझिनापाशी जातं.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, सॅगने नदीकाठी, शिकूतिमी नावाचं गाव आहे. 1887 च्या जानेवारीत वेझिना तिथे जन्मला. वडील पाव भाजणारे. हा पोरगा बर्फावरही बरीच वर्षं साध्या बुटांवरच गोल राखायचा. स्केट त्याने उशिरा घातले. 1910 च्या फेब्रुवारीत माँट्रिअलचा ‘कॅनेडियन्स’ हा व्यावसायिक संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी त्या गावात आला आणि हौशी पोरांकडून हरला. त्या संघाचा गोलरक्षक होता जो कॅटारिनिच. समोरच्या टोकाचा तरुण त्याच्या डोळ्यांत भरला आणि ‘याला घ्या’ असा आग्रह त्यानेच मालकांकडे धरला. आपली जागा जाईल हे दिसत असताना दुसऱ्याचं नाव पुढे करणारा हा माणूस मला थोर वाटतो. हंगामाला 800 डॉलर ठरले आणि 31 डिसेंबर 1910 रोजी ओटावाविरुद्ध वेझिना माँट्रिअलच्या जाळीपुढे उभा राहिला.

त्यानंतर तो हललाच नाही. पंधरा हंगाम, सलग 327 साखळी सामने, शिवाय बाद फेरीचे 39. चेहऱ्यावर मुखवटा नाही, कारण तसली वस्तू अजून खेळात आलीच नव्हती. गोलरक्षकाचे पॅडसुद्धा मुळात क्रिकेटमधून आलेले. 1896 मध्ये विनिपेगच्या एका गोलरक्षकाने पायाला क्रिकेटचे पॅड बांधले होते, तिथून ती चाल पडली. गोठलेल्या रबराची जड चकती अंगावर येत असतानाही गोलरक्षकाने बर्फावर पडायचं नाही, पडला तर दंड, असा नियम होता. 1918 च्या जानेवारीत नॅशनल हॉकी लीगने तो काढून टाकला, तेव्हा बाकीचे गोलरक्षक गुडघे टेकू लागले. वेझिनाने मात्र आपली उभ्याने, काठीने पक अडवण्याची रीत सोडली नाही. पुढच्याच महिन्यात टोरांटोला 9-0 असं हरवताना लीगच्या इतिहासातला पहिला शून्य-गोल सामना त्याच्या नावावर लागला. गर्दीत, धक्काबुक्कीत, कधीही विचलित न होणाऱ्या या माणसाला लोक प्रेमाने ‘शिकूतिमीची काकडी’ म्हणत.

हंगाम संपला की तो गावी परतायचा आणि आपला चामडं कमावण्याचा कारखाना सांभाळायचा. बोलणं कमी; इंग्रजी तर जेमतेम. 1916 मध्ये संघाने पहिल्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला, त्याच रात्री त्याला मुलगा झाला आणि त्या मुलाच्या नावात ‘स्टॅन्ली’ आलं. एरवी अबोल असलेल्या या माणसाने आपला आनंद असा बोलून दाखवला. जो स्वतःबद्दल बोलत नाही, त्याच्याबद्दल इतरांना बोलावं लागतं. संघाचे व्यवस्थापक लिओ दांदुराँ यांनी त्याला बावीस मुलं असल्याची गोष्ट पसरवली. ती छापून आली आणि वर्षानुवर्षं खरी मानली गेली. वेझिनाच्या मागे राहिले ते दोन मुलगे.

1925 च्या शरदात सराव सुरू झाला तेव्हा त्याचं वजन झपाट्याने उतरत होतं. तो कोणाजवळ काही बोलला नाही. 28 नोव्हेंबरला पिट्सबर्गविरुद्ध अंगात फणफणता ताप घेऊन तो खेळायला उतरला. पहिल्या सत्रात एकही गोल झाला नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या तोंडातून रक्त आलं, तरी दुसऱ्या सत्राला तो परत जागेवर गेला आणि तिथेच कोसळला. निदान झालं क्षयाचं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून अठरा वर्षं होती. आपल्याकडेही त्या काळातल्या कितीतरी घरांनी हे निदान ऐकलं आहे आणि त्यानंतरची मुकाट आवराआवर पाहिली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला तो शेवटचा ड्रेसिंग रूममध्ये आला, आपल्या कोपऱ्यात बसला. दांदुराँ यांनी पुढे सांगितलं की त्याने 1924 च्या स्टॅन्ली चषक विजयातली आपली जर्सी तेवढी मागून घेतली. 1926 च्या मार्चमध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो शिकूतिमीत वारला.

कॅनेडियन्सच्या मालकांनी त्याच्या नावाचा चषक दिला, सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकासाठी. पहिली तिन्ही वर्षं तो जॉर्ज हेन्सवर्थने, म्हणजे वेझिनाच्याच जागी आलेल्या खेळाडूने जिंकला. 1928-29 च्या हंगामात हेन्सवर्थने 44 पैकी 22 सामने शून्य गोलांवर राखले. या हिशेबात वेझिना कितीतरी मागे पडतो. सलग सामन्यांचा विक्रमही पुढे ग्लेन हॉलने मागे टाकला. 1962 मध्ये पाठीच्या दुखण्याने बाहेर जाईपर्यंत सलग 502 सामने, तेही मुखवट्याविना.

त्या 327 सामन्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या शेवटच्या रात्रीचा विचार आला की आदराच्या जागी कळवळा येतो. मधल्या सुट्टीत त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ‘बस आता, आज दुसरा उभा राहील,’ असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. ग्लेन हॉलचा आकडा आता कोणी गाठेल असं वाटत नाही. संघ दोन गोलरक्षक आलटून पालटून खेळवतात आणि आजारी माणसाला घरी पाठवतात. तो आकडा तसाच राहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.