शिक्षक ते आर्चबिशप : डेसमंड टूटू



डेसमंड टूटू म्हटलं की आपल्याला नोबेल शांतता पुरस्कार आठवतो. पण हे ख्रिस्ती बिशप आधी आपल्यासारखेच शिक्षक होते, हे मुलांना सांगायचं राहूनच जातं.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९३१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्लर्क्सडॉर्प येथे झाला. वडील मुख्याध्यापक, आई लोकांच्या घरी काम करायची. लहानपणी त्यांनी पाहिलं, की ट्रेव्हर हडलस्टन नावाच्या गोऱ्या धर्मगुरूंनी जाता जाता हॅट उचलून त्यांच्या आईला नमस्कार केला. कृष्णवर्णीय मोलकरणीला गोऱ्या माणसाने मान द्यायचा, हे तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. टूटू हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण घरी पैसे नव्हते. मग ते शिक्षक झाले. तेवढ्यात १९५३ चा 'बांटू शिक्षण कायदा' आला. कृष्णवर्णीय मुलांना मजुरीपुरतंच शिकवायचं, हा त्यामागचा हेतू. असलं शिक्षण आपल्या हातून द्यायला नको, म्हणून टूटू आणि त्यांच्या शिक्षिका पत्नी लिआ यांनी नोकरी सोडली.

पुढे ते अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू झाले. लंडनला शिकले. मे १९७६ मध्ये त्यांनी पंतप्रधान फोर्स्टर यांना पत्र लिहून लोकांच्या संतापाबद्दल सावध केलं. दुर्लक्ष झालं. १६ जूनला सोवेटोमध्ये आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी टूटू लेसोथोचे बिशप झाले, १९८४ मध्ये नोबेल मिळालं आणि १९८६ मध्ये ते केपटाऊनचे पहिले कृष्णवर्णीय आर्चबिशप झाले. वर्णभेद संपल्यावर सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पीडितांचं आणि गुन्हेगारांचंही म्हणणं सर्वांसमोर ऐकलं. २६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांचं निधन झालं.

आता जरा विचार करा. कायद्याने मुलाला सांगितलं, 'तुझी लायकी एवढीच.' हॅट उचलणाऱ्या माणसाने सांगितलं, 'तुझी आई मानाची आहे.' शब्द एकही न बोलता! मजुरीवरून तशीच पालकसभेला आलेली आई दारात उभी असते, तेव्हा आपण तिला खुर्ची देतो का? तिचं मूल बाकावरून ते बघत असतं. पाठ तिथेच सुरू होतो.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.