निळी पडलेली धार

‘पोलादाविषयी, परंतु सामान्य वाचकास समजेल असे काही’ लिहून पाठवावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा माझ्या मेजावर एक कोयता पडून होता, आणि त्याचे प्रकरण अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही. चेन्नईहून सुमारे ४० किलोमीटरवर, बंगळूरच्या हमरस्त्यालगत असलेले श्रीपेरुंबुदूर यात्रेकरूंना रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून आणि नोकरदारांना मोटारींच्या कारखान्यांमुळे ठाऊक आहे. येथील एका कारखान्यात पोलादावर उष्णतासंस्कार करण्याचे खाते मी सांभाळतो, आणि फावल्या वेळात गावोगावच्या बाजारांतून स्वस्त सुऱ्या, कोयते, कुऱ्हाडी व इकडचे ‘अरुवाळ’ विकत घेऊन ते नीट करण्याचा माझा जुना परिपाठ आहे.

तो कोयता माझ्या एका सहकाऱ्याने सातारा जिल्ह्यातील एका यात्रेत घेतला, वाटेत विजेच्या चाकावर त्याला धार लावून घेतली, आणि इकडे आणून पहिल्याच शहाळ्यावर चालवला, तो धार मुडपली. ‘लोहाराने फसवले’ असा निकाल त्याने तत्काळ देऊन टाकला. पोलादाच्या बाबतीत असा एकतर्फी निकाल मी अनेकदा ऐकत आलो आहे, आणि तो बहुधा चुकीच्या माणसाविरुद्ध लागलेला असतो.

रस्त्याकडेला भाता आणि ऐरण मांडून बसणारा आपला घिसाडी असो, की अरुवाळांसाठी तमिळनाडूभर ख्याती असलेल्या तिरुप्पाचेट्टीचा कारागीर असो, दोघांचाही आवडता कच्चा माल म्हणजे मालमोटारीच्या कमानीचा मोडीत निघालेला पाटा. त्या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते, जोडीला सिलिकॉन अथवा क्रोमियम असते, आणि टनावारी ओझ्याखाली लक्षावधी वेळा वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते घडवलेले असते. म्हणजे झगमगीत वेष्टनातील कित्येक सुऱ्यांच्या नशिबी नसलेला जिन्नस बाजारातल्या गोणपाटावर अल्प मोलात पडलेला असतो.

येथे थोडे तांत्रिक विवेचन अपरिहार्य आहे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे पुढे, साधारण ८५० अंशांपर्यंत तापवून ते झटकन निववले, की त्यात मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण परंतु ठिसूळ रचना तयार होते. जाणता लोहार केवळ धारेकडची बाजू बुडवतो, पाते बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून उजळ करतो, आणि पाठीत शिल्लक राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकत असता त्या उजळ पृष्ठावर उमटणारे रंग निरखत बसतो: २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. हवा तो रंग धारेशी पोचताच तो संपूर्ण पाते निववतो. तापमापक नाही, तक्ता नाही. माझ्या खात्यात यंत्रांवर जे साधले जाते ते हा मनुष्य डोळ्यांनी साधतो, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे.

आता माझ्या नेहमीच्या वादाच्या मुद्द्याकडे येतो. विजेच्या चाकावर, पाण्यावाचून, ठिणग्यांच्या वर्षावात धार लावली असता पात्यावर निळा पट्टा उमटतो, आणि पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ तो पाहून ‘पाणी चांगले बसले’ असे समाधान मानतात. लोहाराचा निळा रंग पाठीकडून सावकाश आलेला असतो. चाकाचा निळा रंग धारेकडून पळत आलेला असतो. पट्टा जेथे निळा दिसतो तेथे ३०० अंश झाले असतील, परंतु त्याच्या पलीकडे, अगदी धारेशी, जेथे रंग करडा पडलेला आहे, तेथील उष्णता त्याहून पुष्कळ वर गेलेली असते, आणि कागदाइतक्या पातळ त्या कडेतली कठिणता तेथेच संपते. उपरोक्त कोयत्याची कठिणता मी मोजून पाहिली: आतले पाते उत्तम, नरम पडली होती ती केवळ काठावरची दोनतीन मिलिमीटरची पट्टी.

लोकांच्या गैरसमजाचे दुसरे दुःख याहून मोठे आहे. वर्तमानपत्रांनी कोयत्याला ‘गँग’ जोडली, इकडच्या चित्रपटांनी अरुवाळाला रक्त जोडले, आणि ज्या पात्यावर बीडच्या ऊसतोड जोडप्याचे पोट चालते ते बाळगणे हाच गुन्हा असल्याची समजूत पसरली. वस्तुतः १९५९च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख करताना घरगुती व शेतकीच्या उपयोगाची हत्यारे स्पष्टपणे वगळलेली आहेत. व्यासपीठांवरून दक्षिणेच्या प्राचीन पोलादाचा गौरव होतो, मायकेल फॅरडेने १८१९ साली त्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले हेही अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्याच सभागृहाबाहेर बसलेल्या लोहाराशी दहा रुपयांसाठी घासाघीस होते, याचा मला मनस्वी विषाद वाटतो.

त्या कोयत्याचा इलाज साधा होता. नरम पट्टी कानशीने काढून टाकली. कानस सहज खाते तेथवर धातू नरम, आणि ती घसरू लागली की चांगले पोलाद लागले, ही खूण कोणासही कळते. मग ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी सुमारे वीस अंशांचा कोन धरून धार काढली, हलणारी मूठ बदलून बाभळीची बसवली, तिला जवसाचे तेल पाजले. कुऱ्हाडीचेही असेच असते. पाते शाबूत असून दांडा सैल असल्यामुळेच ती बहुधा भंगारात जाते. तो कोयता आता माझा सहकारी रोज वापरतो.

वाचकांस विनंती एवढीच, की यंदा यात्रेत कोयता अथवा विळी घ्याल तेव्हा लोहाराने मागितलेली किंमत द्यावी, धार त्याच्याकडूनच कानशीने लावून घ्यावी, आणि घरी ओला दगड ठेवावा. विजेच्या कोरड्या चाकावर ते पाते कोणत्याही सबबीवर देऊ नये.