पुन्हा एक फेरी

शिकाऊ वैमानिकाचं विमान धावपट्टीवर आपटून उसळतं, तेव्हा पहिल्या उसळीत सहसा काही मोडत नाही. मोडतं ते नंतर. सेसना 152 पंखांचे फ्लॅप खाली सोडून साधारण 60 नॉटनं, म्हणजे ताशी 110 किलोमीटरनं खाली येतं. उसळल्यावर वेग घटलेला, नाक वर आणि जमीन पुन्हा जवळ. घाबरलेला हात कंट्रोल पुढे ढकलतो. मागच्या भक्कम चाकांआधी पुढचं नाजूक चाक टेकतं, विमान आणखी उंच उसळतं आणि पुढच्या आपटीत ते चाक मोडून प्रॉपेलर जमिनीला लागतो.

ऑक्टोबर 2023मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. अशी बातमी आली, की अंबरनाथ-बदलापूरचे पालक मला, विमान शिकवणाऱ्याला, विचारतात, "सर, आपल्या नेवाळीला धावपट्टी होती ना? मग मुलीला इतक्या लांब कशाला पाठवायचं?" ती धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. त्या जमिनीसाठी शेतकरी 2017मध्ये रस्त्यावर उतरले. विमान शिकायला तिथे काही उरलेलं नाही.

म्हणून मुलं बारामतीला, धुळ्याला जातात. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं; घरावर कर्ज चढतं. ते कर्ज धावपट्टीवरही सोबत येतं. ही फेरी फुकट जायला नको, असं मनात येतं आणि बिघडलेलं लँडिंग रेटलं जातं. सुटलेली लोकल धावत पकडणाऱ्या आपल्या मुलांना हातातलं सोडून देणं फार जड जातं.

म्हणून मी गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा फेरी मारणं, आधी शिकवतो. पूर्ण पॉवर दे, नाक सावरून धर, वेग येऊ दे, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं घे, वर चढ. सगळं नीट जमत असतानाही मी मधेच तो करायला लावतो, म्हणजे गडबडीत हाताला वाट ठाऊक असते. अलगद टेकलेली चाकं पाहून मी कुणाला एकटं उडायला सोडत नाही. माझ्याआधी ज्याच्या तोंडून "गो-अराउंड" निघतं, तो माझ्या लेखी तयार.

पालकांना एवढंच सांगतो: रात्री फोनवर किती तास झाले, हे आधी विचारू नका. "आज लँडिंग सोडून पुन्हा फेरी मारली," असं लेक म्हणाली, तर पैशांचा हिशेब न काढता तिला शाबासकी द्या.